मका मोडून केलेलं मैदान: आयोवातले चार दिवस

निघायच्या आदल्या रात्री माझ्या वडिलांना, अण्णांना, सिनेमा दाखवला. १९८९ सालचा ‘फील्ड ऑफ ड्रीम्स’. दर दहा मिनिटांनी थांबवून मी मराठीत सांगत होते. आयोवातला एक तरुण शेतकरी, रे किन्सेला. उभ्या मक्यात त्याला आवाज ऐकू येतो आणि तो मका मोडून बेसबॉलचं मैदान करतो. मग मक्यातून जुने, कधीच वारलेले खेळाडू खेळायला येतात. इकडे कर्जाचा हप्ता थकलेला, मेव्हणा सांगतोय की जमीन विकून मोकळा हो. शेवटी मक्यातून रेचा बापच येतो, ऐन तारुण्यातला, आणि बापलेक चेंडू टाकून झेल घेत राहतात.

दरवेळी या शेवटाला मला रडू येतं. अण्णा मात्र मेव्हण्यावरच अडले होते. “त्या मेव्हण्याचं काय चुकलं, माय? हप्ता थकल्यावर उभं पीक मोडतं का कोणी?”

अण्णा जालना जिल्ह्यातले. चौऱ्याहत्तर वर्षांचे, आठ एकर कोरडवाहू. त्यांना बेसबॉल कळत नाही, पण मका कळतो. माझ्या लेकाला, वय वर्षं नऊ, बेसबॉल कळतो आणि मका कळत नाही. या दोघांना एका जागी घेऊन जायचं माझ्या मनात फार दिवसांपासून होतं. ऑगस्टमध्ये अण्णा शिकागोजवळच्या आमच्या घरी आले आणि गुरुवार ते रविवार असा बेत ठरला.

पहिला दिवस

सकाळी सातला निघालो. सोबत दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि अण्णांसाठी ठेचा. हायवे २० धरून पश्चिमेला गेलं की रॉकफर्ड मागे पडेपर्यंत शहराची शेपूट काही संपत नाही. मग एकदम दोन्ही बाजूंना मका आणि सोयाबीन. अण्णा खिडकीला चिकटून बसले होते. “गडी दिसत नाही एक बी,” ते दोनदा म्हणाले. माणूस नाही, बैल नाही, बांध नाही. मधूनमधून पत्र्याच्या गोल कोठ्या तेवढ्या चमकत होत्या.

गलीनाच्या अलीकडे जमीन अचानक उंचसखल होते. हिमयुगात बर्फाच्या थरांनी आजूबाजूचा मुलूख घासून सपाट केला, हा कोपरा तेवढा सुटला. गलीना हे शिशाच्या खाणींवर वाढलेलं जुनं गाव. सिनेमात मिनेसोटातलं चिझम गाव म्हणून दाखवलंय ते हेच. सिनेमात येणारा चिझमचा डॉक्टर आर्ची ग्रॅहम हा खरा माणूस होता. २९ जून १९०५ रोजी तो न्यूयॉर्क जायंट्स या बेसबॉल संघाकडून एकच सामना खेळला, त्यातही फलंदाजीची पाळी आली नाही, आणि पुढे आयुष्यभर चिझममध्ये डॉक्टरकी केली. सिनेमाने साल बदलून १९२२ केलंय, बाकी माणूस तोच. जेवताना लेकाने ही गोष्ट अण्णांना सांगितली. अण्णांना हा डॉक्टर फार आवडला. “एकच डाव खेळला ना? मग गावाचं नशीब चांगलं.”

दुपारी मिसिसिपी ओलांडून डब्यूकला आलो. पुलावर अण्णांनी हात जोडले आणि गाडी थांबवायला सांगितली. पुलावर थांबता येत नाही, म्हणून पलीकडे उतरून नदीकाठच्या फरसबंदी वाटेवर गेलो. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून रुपयाचं नाणं काढून पाण्यात टाकलं. ते घरूनच घेऊन आले होते. मग विचारलं, “एवढं पाणी. कालवे कुठं काढलेत?”

कालवे नाहीत. आयोवातला जवळजवळ सगळा मका पावसावरच येतो. हे ऐकून अण्णा कठड्याला टेकून बराच वेळ उभे राहिले. आपलं शेत कोरडवाहू आहे हे त्यांनी आयुष्यभर थोडं खाली मान घालून सांगितलंय. इथे अख्खं राज्य कोरडवाहू, आणि मक्यात अमेरिकेत पहिलं. हजारो वर्षं उंच गवत उगवून, कुजून झालेली खोल काळी माती आणि पिकाच्या वेळेवर पडणारा पाऊस, एवढ्यावर सगळं चाललंय. “वेळेवर,” अण्णा म्हणाले. दुसरं काही बोलले नाहीत.

दुसरा दिवस

डब्यूकहून डायर्सव्हिल चाळीसेक किलोमीटर. गावापासून मैदानापर्यंतचा रस्ता शेतांमधूनच जातो. वळण घेतलं की पांढरं लाकडी घर दिसतं, त्याचा ओटा, पुढे हिरवळ, आणि हिरवळीच्या टोकाला कुंपणाच्या जागी मक्याची भिंत. सिनेमात आहे तसंच. प्रेक्षकांच्या लाकडी बाकावर रेची आणि त्याच्या बायकोची, अ‍ॅनीची नावं कोरलेलीही सापडतात. लेक बूट, ग्लव्ह, चेंडू घेऊन थेट मधल्या मातीवर धावला. अण्णांनी ना घराकडे पाहिलं ना बाकाकडे. मैदान सरळ ओलांडून ते मक्यापाशी गेले.

मीही मागोमाग गेले. त्यांनी दोन ओळींमधलं अंतर वितीने मोजलं, मग एका ओळीत दहा पावलं चालून ताटं मोजली. ताटं त्यांच्यापेक्षा दोन हात उंच, तुरे बाहेर पडलेले, कणसांचे केस वाळून तपकिरी झालेले. कणीस त्यांनी तोडलं नाही, सोललंही नाही. दुसऱ्याच्या रानातल्या कणसाला हात लावायचा नाही हे आम्हा भावंडांना त्यांनीच शिकवलेलं. वरूनच मूठ फिरवून दाण्यांच्या ओळी चाचपल्या आणि विचारलं, “एकरी किती?”

मी घरून पाहून आले होते. आयोवाची सरासरी हल्ली एकरी दोनशे बुशेलच्या आसपास असते, म्हणजे पन्नास क्विंटल. आमच्याकडे देव पावला तर पंचवीस. अण्णांनी मागे वळून मैदानाकडे पाहिलं. “हे तीनेक एकर असंल. म्हणजे दरसाल दीडशे क्विंटल मका याच्यावर सोडला.” क्षणभर थांबून म्हणाले, “अन् तो मेव्हणा वाईट म्हणं.”

तिथेच उभं राहून मी त्यांना खरी हकीकत सांगितली. सिनेमापेक्षा ती मला जास्त धरून ठेवते, आणि ती कुणाला तरी शेतातच सांगावी असं मला नेहमी वाटायचं.

१९८८ च्या उन्हाळ्यात इथे चित्रीकरण झालं. मैदान एका शेतकऱ्याच्या जमिनीत मावत नव्हतं. घर आणि मैदानाचा आतला भाग एकाच्या हद्दीत आला, आणि डावीकडचं व मधलं बाहेरचं मैदान शेजाऱ्याच्या मक्यात. विजेच्या तारा जातात तिथून साधारण दोघांची हद्द. दोघांनीही पीक मोडून जागा दिली. सिनेमावाले गेले तेव्हा खरी निवड या दोघांपुढे आली. घरवाल्याने आपला भाग ठेवला. शेजाऱ्याने आपला भाग नांगरला आणि पुन्हा मका पेरला.

“बरोबर केलं,” अण्णा म्हणाले.

मग सिनेमा लागला आणि माणसं येऊ लागली. न बोलावता, लांबलांबून, गाडी लावून घराकडे बघत उभी राहायची. मैदान अर्धंच, बाहेरच्या भागात मका. शेवटी शेजाऱ्यानेही पुन्हा मका मोडून गवत लावलं. पुढे कितीतरी वर्षं एकाच मैदानावर दोन मालक आणि आठवणवस्तूंची दोन दुकानं होती. २००७ मध्ये घरवाल्यांनी शेजाऱ्याचा भाग विकत घेतला, आणि काही वर्षांनी सगळंच विकून टाकलं. त्या कुटुंबाच्या हातात होतं तोवर मैदानात यायला कधी तिकीट लावलं नाही.

अण्णा लक्ष देऊन ऐकत होते. “दोनदा मोडला मका त्यानं. एकदा पैशासाठी मोडला, ते समजतं. दुसऱ्यांदा काहून मोडला?”

याचं उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं. येणाऱ्यांकडून चार पैसे मिळत असणार हे खरं, पण माणूस मैदान बघायला हजार मैलांवरून आला आणि त्याला तुम्ही अर्धंच दाखवलं, हे शेतकऱ्याच्या घरात किती दिवस चालेल? आमच्याकडे दारी आलेल्याला अर्धी भाकरी कोणी देत नाही.

१९८८ चं साल होतंही कठीण. त्या उन्हाळ्यात या भागात मोठा दुष्काळ पडला. सिनेमाला तर माणसाच्या उंचीचा मका हवा होता. मग पाणी देऊन तेवढा मका वाढवला, आणि तो इतका वाढला की एका दृश्यात नायक केविन कॉस्नरला फळीवरून चालवावं लागलं. पिवळं पडलेलं गवत रंग मारून हिरवं केलं. आजूबाजूच्यांचा मका वाळत असताना हा तुकडा हिरवागार उभा. शेजारच्या रानातून ते बघणाऱ्या माणसाला काय वाटलं असेल, ते अण्णांना सांगावं लागलं नाही. त्यांनी १९७२ पाहिलंय.

आणि हप्त्याचं म्हणाल तर तोही कुणाच्या कल्पनेतून आलेला नव्हता. सत्तरच्या दशकात इथल्या जमिनीचे भाव चढत गेले, बँकांनी हात सैल सोडून कर्जं दिली. मग व्याजाचे दर भडकले, रशियाला धान्य विकायला बंदी आली, भाव पडले. आयोवात १९८१ मध्ये जमिनीचा सरासरी भाव एकरी २,१४७ डॉलर होता, १९८६ मध्ये ७८७. ज्या जमिनीवर कर्ज काढलं, ती विकली तरी कर्ज फिटेना. हजारो कुटुंबांची शेती लिलावात गेली. पहिल्यांदा सिनेमा पाहणाऱ्या आयोवाच्या माणसाला भुतं नवी होती, पण दारात कागद घेऊन उभा राहिलेला मेव्हणा त्याने गावात पाहिलेला होता. मला वाटतं, म्हणून त्यांनी तो आपला मानला. शेवटच्या दृश्यात रात्रीच्या अंधारात मैदानाकडे येणाऱ्या गाड्यांची रांग आहे ना, त्या गाड्या याच मुलखातल्या लोकांच्या. साधारण दीड हजार गाड्या जमल्या होत्या. त्या सरकताना दिसाव्यात म्हणून रेडिओवरून सांगून दिव्यांची उघडझाप करायला लावली होती.

एवढं बोलून होईपर्यंत लेक कंटाळला होता. बाबांबरोबर झेल खेळून झाला, आता आजोबा हवेत. “अण्णा, कॅच!” अण्णांनी टोपी काढून माझ्याकडे दिली. ग्लव्ह नको म्हणाले. पहिला चेंडू त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी घेतला, चुरचुरलं असणार, बोलले नाहीत. मग परत फेकला. खांद्याच्या वरून, हात पूर्ण फिरवून, आणि चेंडू लेकाच्या डोक्यावरून पार होम प्लेटच्या, फलंदाज उभा राहतो त्या जागेच्या, मागे गेला. लेक बघतच राहिला. ज्वारी हुरड्यात आली की माळ्यावर उभं राहून गोफणीने पाखरं हाकलणारा तो हात. सहा वर्षांचे असल्यापासून ते राखणीला जायचे. लेकाला गोफण काय ते सांगितलं. त्यानंतर तो दर चेंडूला दहा पावलं मागे जाऊ लागला, आणि अण्णा तेवढंच लांब फेकत राहिले. मी तिथेच बाजूला गवतावर बसले होते, टोपी मांडीवर घेऊन.

निघताना अण्णा एकटेच पुन्हा मक्यात शिरले. चार-पाच ओळी आत गेल्यावर नुसता पाल्याचा आवाज. माणूस दिसेनासा व्हायला पाच ओळी पुरतात. बाहेर आले आणि विचारलं, “इकडं रोही येतात का?” रोही, म्हणजे नीलगायी, नाहीत, हरणं येतात, असं नवऱ्याने सांगितलं. “मग सारखंच,” म्हणाले.

मैदानाशेजारी मक्यातच दुसरं मोठं मैदान आहे. सिनेमातलं मोठ्या लीगच्या, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वांत वरच्या बेसबॉल स्पर्धेच्या, नियमांना लहान पडतं, म्हणून खऱ्या सामन्यासाठी ते वेगळं केलं. १२ ऑगस्ट २०२१ रोजी तिथे शिकागो व्हाइट सॉक्सने न्यूयॉर्क यँकीजला ९-८ असं हरवलं, तेही टिम अँडरसनच्या अगदी शेवटच्या फटक्यावर. चेंडू मक्यात गेला होता. आयोवाच्या जमिनीवर मोठ्या लीगचा हा पहिलाच सामना. पुढच्या वर्षी शिकागो कब्स आणि सिनसिनाटी रेड्स खेळले. हे सगळं लेकाने तोंडपाठ सांगितलं.

दुपारी गावात. सेंट फ्रान्सिस झेवियर बॅसिलिकाचे दोन मनोरे दोनशे फुटांहून उंच आहेत. एवढ्याशा गावात एवढं देऊळ बांधणारे जर्मन शेतकरी, आणि पंढरपूरच्या वाटेवर आपल्याकडे गावोगाव दिसणारी शिखरं, मनात एकाशेजारी एक उभी राहिली. नंतर शेतीच्या खेळण्यांचं संग्रहालय. फ्रेड एर्टल नावाच्या कारागिराने १९४५ मध्ये डब्यूकला घरातल्या भट्टीत विमानांचे ॲल्युमिनियमचे भाग वितळवून खेळण्यातले ट्रॅक्टर ओतले, आणि १९५९ मध्ये कारखाना डायर्सव्हिलला आणला. काचेमागे हजारो छोटे ट्रॅक्टर, पेरणीयंत्रं, मळणीयंत्रं. अण्णा लेकाला पोळ्याच्या मातीच्या बैलांबद्दल सांगत होते. शिंगांना बेगड कसा लावायचा, इथपर्यंत.

तिसरा दिवस

डायर्सव्हिलहून दक्षिणेला निघालो की वीस-पंचवीस किलोमीटरवर कॅस्केड. शिकागो व्हाइट सॉक्सचा मोठा पिचर, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू टाकणारा, रेड फेबर इथला. १८८८ चा जन्म, शेतकरी मुलखातलं पोर, वीस हंगाम एकाच संघाकडून खेळला. १९१९ मध्ये याच संघातल्या आठ जणांवर पैसे खाऊन सामने हरल्याचा आरोप झाला. कोर्टाने १९२१ मध्ये त्यांना सोडलं, पण बेसबॉलने कायमचं बाहेर काढलं. शूलेस जो जॅक्सन त्यातला एक. सिनेमात मक्यातून येतात ते हेच आठ. फेबर त्या वर्षी आजारपण आणि दुखापतीमुळे अंतिम मालिकेत खेळलाच नाही. तो धडधाकट असता तर हे घडलंच नसतं, असं त्या संघाचा कॅचर पुढे सांगायचा. म्हणजे त्या कलंकित संघातला एक स्वच्छ माणूस मैदानापासून अर्ध्या तासाच्या अंतरावर जन्मला, आणि सिनेमात त्याचं नावही नाही. मला ही उणीव खुपते.

दुपारी आयोवा सिटी. सिनेमा ज्या कादंबरीवर बेतला, तिचे लेखक डब्ल्यू. पी. किन्सेला कॅनडाचे. इथल्या विद्यापीठातल्या लेखन कार्यशाळेत सत्तरच्या दशकात शिकायला आले, आणि कादंबरीतलं शेत त्यांनी याच परिसरात बसवलं. त्याच सुमारास, १९७५ पासून, दिलीप चित्रे इथल्या आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रमात होते. तुकोबांची इंग्रजी भाषांतरं करणारा कवी आणि मक्यातून खेळाडू आणणारा कादंबरीकार कदाचित एकाच रस्त्याने चालत असतील, या विचाराने मी नदीकाठी उगाच दोन फेऱ्या मारल्या. अण्णांना गाडीत झोप लागली होती. रात्री दे मॉइनजवळ मुक्काम.

चौथा दिवस

सकाळी लवकर दे मॉइनमधल्या जागतिक अन्न पुरस्काराच्या इमारतीपाशी गेलो. रविवार, आत जाता येणार नव्हतं ते माहीत होतं. तरी अण्णांना जागा दाखवायचीच होती. जुन्या सार्वजनिक वाचनालयाची ही दगडी इमारत. हा पुरस्कार शेतीशास्त्रज्ञ नॉर्मन बोरलॉग यांनी सुरू केला. तेही आयोवाच्याच क्रेस्को गावाजवळच्या शेतातले. त्यांचा मेक्सिकन गहू अण्णांनी तरुणपणी पेरलाय. मेक्सिकोत गव्हावर काम करत असताना बोरलॉग लहान मुलांच्या बेसबॉल संघालाही शिकवायचे. आणि १९९८ साली हा पुरस्कार जालन्याच्या बद्रीनारायण बारवाले यांना मिळाला.

“आपले बारवाले?” अण्णा पायरीवर बसले.

आपलेच. १९६४ मध्ये जालन्यात त्यांनी ‘महिको’ ही बियाण्याची कंपनी सुरू केली. त्याच्या अडतीस वर्षं आधी, १९२६ मध्ये, हेन्री वॉलेस यांनी याच शहरात संकरित मक्याच्या बियाण्याची कंपनी काढली होती. हे वॉलेस पुढे अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष झाले. आयोवात अजूनही दर उन्हाळ्यात शाळकरी मुलं बियाण्याच्या मक्याचे तुरे उपटायला मजुरीवर जातात. मादी ओळींचे तुरे काढायचे, नर ओळींचे ठेवायचे. लेकाला हे खोटं वाटलं. अण्णा म्हणाले, “विचार तुझ्या आईला. तिनं बी केलंय, कपाशीत.”

तिथून पश्चिमेला तीसेक किलोमीटरवर व्हॅन मीटर. छोटं गाव, रविवारचं शांत. बॉब फेलर इथला, बेसबॉलच्या सर्वांत वेगवान पिचरांपैकी एक. १९१८ चा जन्म. १९३६ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, त्याने एका सामन्यात सतरा फलंदाज बाद केले आणि मग गावी परत येऊन शाळा पुरी केली. पर्ल हार्बरवरच्या हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी नौदलात भरती झाला. आयोवाच्या शेतात खरोखर मैदान केलं ते याच्या बापाने, सिनेमाच्या पन्नासहून जास्त वर्षं आधी. बिल फेलरने आपल्या शेतात जागा सपाट करून मुलासाठी मैदान तयार केलं, आजूबाजूचे संघ तिथे खेळायला यायचे. हिवाळ्यात कोठारात दोघं चेंडू टाकत. मक्याला मेहनत फार, म्हणून मका सोडून गहू धरला, पोराला खेळायला वेळ मिळावा म्हणून.

रस्त्याकडेला गाडी लावून दशम्यांचा शेवटचा डबा उघडला होता, तेव्हा हे मी सांगितलं. अण्णांनी घास तसाच हातात ठेवला.

“मी बी ज्वारी मोडून प्लॉट धरला होता. तू बारावी झाली त्या साली. औरंगाबादचं हॉस्टेल होतं ना तुझं.”

तो प्लॉट मला आठवतो. दीड एकर सरकीचा. दुपारी आई आणि मी मादी फुलांच्या कळ्या सोलायचो, सकाळी नर फुलं घेऊन क्रॉसिंग करायचो. बोटं पिवळी व्हायची. त्या वर्षी घरात ज्वारी विकत आणली होती हेही आठवतं, कारण आई दुकानदाराकडच्या ज्वारीची भाकरी थापताना कुरकुरायची. बियाण्याच्या प्लॉटला पैसा बरा, म्हणून धरला असेल, एवढंच मी समजत होते. माझं हॉस्टेल आणि ती ज्वारी मी कधी जोडून पाहिलं नव्हतं. अठ्ठावीस वर्षं झाली.

“तुम्ही कधी बोलला नाहीत,” मी म्हणाले.

“त्यात काय बोलायचं?”

परतीला शिकागोपर्यंत पाचशेहून जास्त किलोमीटर होते. नवऱ्याने गाडी काढली. मागच्या सीटवर लेकाने विचारलं, “अण्णा, क्रॉसिंग म्हणजे काय?” अण्णांनी कागदी रुमाल घेतला, त्याची कळी वळली, नखाने वरची पाकळी गोल सोलून दाखवली. “ही मादी. आता दुपार हाये असं समज. हिला झाकून ठेवायचं. उद्या सकाळी यायचं.” दुसऱ्या रुमालाचं नर फूल झालं. मिसिसिपी येईपर्यंत लेकाने पंधरा-वीस कळ्या केल्या होत्या. डोळ्यांजवळ धरून अण्णा प्रत्येक कळी तपासत होते आणि फाटलेल्या बाजूला काढत होते.